तोळाभर शिसे

सराफाच्या तराजूशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना बारा मासे म्हणजे एक तोळा हे जुने कोष्टक नव्याने सांगावयास नको. इंग्रजी अमदानीत या तोळ्याचे वजन बरोबर १८० ग्रेन असे निश्चित करण्यात आले होते. आपल्याकडे ग्रामची मापे रूढ झाल्यावर ग्रेन हा शब्द विस्मृतीत गेला. परंतु अमेरिकेत बंदुकीच्या गोळीचे वजन आजही ग्रेनमध्येच सांगतात, आणि हरणाच्या वा त्याहून थोर जनावराच्या शिकारीसाठी तेथे १८० ग्रेनची गोळी विशेष प्रचारात आहे. म्हणजे आपल्या मापाने ती नेमकी एक तोळ्याची झाली. ही तोळाभराची गोळी शिशाची असावी की तांब्याची, या प्रश्नावर त्या देशात गेली दोन दशके शिकारी, वैद्य, पक्षिशास्त्रज्ञ आणि कायदेपंडित यांच्यात मोठा वाद चालू आहे. त्याच वादाचा परामर्श या महिन्यात घेण्याचे आम्ही योजिले आहे.

कौटुंबिक मासिकात बंदुकीच्या गोळीचे काय काम, असे काही वाचकांच्या मनात येईल. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपुष्टात आले, आणि ते उचितच झाले. ग्वाल्हेर, बडोदे आदी संस्थानांतील शिकारखान्यांच्या कथा आता वडीलधाऱ्यांच्या आठवणींत आणि जुन्या छायाचित्रांतच उरल्या आहेत. तथापि आपल्यापैकी किती तरी घरांतील मुले, सुना, जावई आणि नातवंडे आज अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. तेथे शरद ऋतूत, विशेषतः नोव्हेंबरात, हरणाच्या शिकारीचा हंगाम असतो. शेजारचा सज्जन गृहस्थ आपण मारलेल्या हरणाच्या मांसाचे पुडके स्नेहाने आणून देतो. जी घरे सामिष आहेत, तेथे ते रांधले जाते आणि मुलांच्या पानात पडते. तेव्हा हा प्रश्न रानातून निघून थेट आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलेला आहे.

प्रथम तेथील परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. लांडग्यासारखे हिंस्र पशू बहुतेक भागांतून नाहीसे झाल्यामुळे पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या अमेरिकेत अतोनात वाढलेली आहे; ती तीन कोटींच्या आसपास असल्याचा अंदाज केला जातो. पिकांची नासाडी आणि रस्त्यांवरील अपघात यांमुळे त्यांना आळा घालणे तेथील शासनास आवश्यक वाटते. म्हणून परवाना घेऊन, ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या संख्येने शिकार करण्यास मुभा असते, आणि दरवर्षी सुमारे साठ लक्ष हरणे मारली जातात. अहिंसेच्या दृष्टीने या व्यवहाराविषयी आपले मत काहीही असो. तो चालू आहे आणि चालू राहणार आहे. प्रश्न एवढाच, की त्यातून निष्पन्न होणारा अनर्थ टाळता येण्यासारखा आहे काय?

शिकारीच्या गोळीकडून शिकाऱ्याची अपेक्षा एकच असते. हरणाला वेदना न होता, किंवा निदान क्षणार्धात, मरण यावे. याकरिता गोळी शरीरात शिरल्यावर फुलली पाहिजे. टोकदार, न फुलणारी गोळी आरपार जाते आणि जनावर घायाळ अवस्थेत मैलभर धावून झुडपात तडफडत राहते. फुलणाऱ्या गोळीच्या इतिहासाशी आपल्या देशाचाही संबंध आहे. कलकत्त्याजवळील डमडम येथील कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा मऊ टोकाच्या गोळ्या तयार झाल्या आणि 'डमडम' हे नाव जगभर गेले. माणसाच्या देहाची त्या इतकी दुर्दशा करीत, की १८९९ च्या हेगच्या परिषदेत युद्धात त्यांचा वापर निषिद्ध ठरविण्यात आला. जे युद्धात क्रौर्य म्हणून वर्ज्य झाले, तेच मृगयेत दयेचे साधन म्हणून मान्य झाले. कित्येक राज्यांत हरणासाठी फुलणारीच गोळी वापरावी, असा नियमच आहे.

या कामाला शिसे हा धातू जणू घडविलेलाच आहे. त्याची घनता ११.३४, म्हणजे पाण्याच्या अकरा पटींहून अधिक. त्यामुळे लहान आकारात पुष्कळ वजन मावते आणि वाऱ्याला न जुमानता गोळी दूरवर जाते. ते ३२७ अंशांवर वितळते, त्यामुळे ओतकाम सोपे. ते मऊ, म्हणून आघात होताच पसरते. आणि ते स्वस्त आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी धूरविरहित दारू प्रचारात येऊन गोळीचा वेग वाढला, तेव्हा नुसते शिसे नळीत टिकेना. म्हणून त्याला तांब्याच्या मिश्रधातूचे पातळ कवच चढविण्यात आले. टोकाशी उघडे शिसे आणि अंगावर कवच, अशी ही गोळी आजही सर्वाधिक खपते.

परंतु ज्या मऊपणामुळे शिसे उपयुक्त ठरते, त्याच मऊपणात त्याचा दोष दडलेला आहे. ताशी दोन-तीन हजार किलोमीटरच्या वेगाने हाडामांसावर आदळलेली ही गोळी नुसती फुलत नाही, तर तिच्या अंगाचे कण कण सुटून चहूकडे उडतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वायोमिंग राज्यात शिकाऱ्यांनी मारलेल्या ३० हरणांची क्ष-किरणांनी तपासणी करण्यात आली. प्रत्येक हरणात सरासरी १३६ कण आढळले; कमीत कमी १५, आणि एका हरणात तर ४०९. पुढे ही हरणे नेहमीच्या खाटकांकडे देऊन मांसाची पुडकी तयार करवून घेतली, तेव्हा ३० पैकी २४ हरणांच्या खिम्यात धातूचे कण निघाले. ते मांस डुकरांना खाऊ घातल्यावर त्यांच्या रक्तातील शिसे वाढल्याचेही दिसून आले. म्हणजे खाटकाने जखमेभोवतीचे मांस काढून टाकले, तरी विष पूर्णपणे निघत नाही. मिनेसोटा राज्याच्या वनखात्याने २००८ मध्ये केलेल्या प्रयोगांत जखमेपासून हातभर, म्हणजे अठरा इंचांपर्यंत, कण सापडले. मांस पाण्याने धुतल्यास हे कण निघून जाण्याऐवजी इतरत्र पसरतात, असेही तेथे आढळले. गृहिणींनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. कारण स्वच्छतेसाठी धुणे हा आपला पहिला संस्कार, आणि येथे तोच उपयोगी पडत नाही.

त्याच वर्षी, २००८ मध्ये, नॉर्थ डकोटा राज्यात एक घटना घडली. शिकारीचे अतिरिक्त मांस गोरगरिबांच्या अन्नछत्रांना दान देण्याची तेथे चांगली प्रथा आहे. एका वैद्याने या दानाच्या मांसाच्या पुडक्यांची क्ष-किरण तपासणी केली आणि त्यांत धातूचे कण आढळल्यावर राज्याच्या आरोग्य खात्याने ते मांस फेकून देण्यास अन्नछत्रांना सांगितले. दानाच्या अन्नात नकळत विष जावे आणि तेही ज्यांना निवड करण्याची सोय नाही अशांच्या ताटात, हा प्रकार कोणाही विचारी माणसाला अस्वस्थ करणारा आहे.

तथापि न्यायाने बोलावयाचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्यानंतर राष्ट्रीय आरोग्य संस्थेने त्या राज्यातील सातशेहून अधिक लोकांचे रक्त तपासले. रानातील मांस खाणाऱ्यांच्या रक्तात न खाणाऱ्यांपेक्षा शिसे अधिक निघाले खरे. पण तो फरक प्रति डेसिलिटर ०.३ मायक्रोग्राम इतका अल्प होता, आणि तत्काळ उपचार करावा अशी कोणाची अवस्था नव्हती. शिशाच्या गोळीचे समर्थक या आकड्याकडे बोट दाखवितात. मग एवढा कोलाहल कशासाठी?

याचे उत्तर शिशाच्या स्वभावात आहे. हा धातू शरीराच्या कोणत्याही उपयोगाचा नाही, आणि एकदा आत गेला की सहजासहजी बाहेर पडत नाही. हाडांत तो वर्षानुवर्षे ठाण मांडून बसतो आणि गरोदरपणात आईच्या हाडांतून निघून गर्भापर्यंत पोहोचतो. प्रौढाच्या तुलनेत लहान मुलाच्या आतड्यातून तो कितीतरी अधिक प्रमाणात शोषला जातो, आणि वाढत्या मेंदूवर आघात करतो. बुद्धी मंदावते, चित्त स्थिर राहत नाही; आणि ही हानी भरून येत नाही. मुलांच्या बाबतीत शिशाची अमुक मात्रा निर्धोक, असे सांगता येत नाही, हे आता वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. अमेरिकेत मुलांच्या रक्तातील शिशाची जी इशारा-मर्यादा पाच मायक्रोग्राम होती, ती २०२१ साली साडेतीनवर आणण्यात आली. म्हणूनच नॉर्थ डकोटाच्या आरोग्य खात्याने गरोदर स्त्रिया आणि सहा वर्षांखालील मुले यांनी शिशाच्या गोळीने मारलेल्या जनावराचे मांस मुळीच खाऊ नये, असा सल्ला दिला. वर्गात मंदबुद्धी ठरविल्या गेलेल्या मुलांच्या पाठीशी कोणती अदृश्य कारणे असतील, याचा विचार आम्हा शिक्षकांच्या मनात नेहमी येतो. त्यांपैकी जे टाळता येते ते तरी टाळले पाहिजे.

आता माणसापलीकडे पाहू. हरीण पडल्यावर शिकारी त्याची आतडी रानातच काढून टाकतो. काही घायाळ हरणे सापडतही नाहीत. या अवशेषांवर गिधाडे, गरुड, डोमकावळे तुटून पडतात आणि शिशाचे कणही गिळतात. त्यांच्या जठरातील तीव्र आम्लात शिसे विरघळते. कॅलिफोर्नियाचा काँडॉर हे नऊ फुटांहून अधिक पंखविस्ताराचे प्रचंड गिधाड. १९८२ मध्ये असे अवघे २२ पक्षी उरले होते. १९८७ मध्ये रानातील शेवटचा काँडॉर पकडून पिंजऱ्यात आणला, तेव्हा जगात एकंदर २७ काँडॉर होते. पैदास करून १९९२ पासून ते पुन्हा रानात सोडण्यास आरंभ झाला. आज त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली आहे. परंतु रानात मुक्त झालेल्या या पक्ष्यांच्या मृत्यूचे प्रमुख कारण शिशाची विषबाधा हेच ठरले. विषाने अन्नमार्ग लुळा पडतो, आणि गळ्याची पिशवी अन्नाने भरलेली असता पक्षी उपासमारीने मरतो. गरुडांची कथाही अशीच. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ३८ राज्यांतील १,२१० गरुड तपासले गेले. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत शिशाची दीर्घकालीन बाधा आढळली. जो गरुड त्या राष्ट्राच्या मुद्रेवर विराजमान आहे, त्याच्या हाडांत त्याच राष्ट्राच्या शिकाऱ्यांचे शिसे साचावे, हा दैवदुर्विलास म्हटला पाहिजे.

या सर्वांवर उपाय म्हणून तांब्याची गोळी पुढे आली. अखंड तांब्याची, टोकाला पोकळी असलेली अशी गोळी एका अमेरिकन कारखान्याने १९८९ मध्ये बाजारात आणली. आघात होताच तिचे टोक फुलाच्या चार पाकळ्यांप्रमाणे उमलते, पण गोळी फुटत नाही. तिचे बहुतेक सर्व वजन शाबूत राहते. एखादी पाकळी तुटलीच तर तो तुकडा मोठा असतो, सहज दिसतो आणि काढता येतो. शिशासारखा तो खिम्यात मिसळून जात नाही. शिवाय तांबे अल्प प्रमाणात शरीराला आवश्यकच असते. पाण्याच्या तांब्यापासून पळी-पंचपात्रापर्यंत या धातूशी आपला घरोबा जुना आहे.

परंतु धातू बदलला की गणितही बदलते, आणि येथे शिकाऱ्याला अभ्यास करावा लागतो. तांब्याची घनता ८.९६ म्हणजे शिशापेक्षा कमी. तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, आणि लांब गोळी हवेत स्थिर राहण्यासाठी नळीतील आट्यांचा पीळ अधिक असावा लागतो. म्हणून जाणकार सांगतात, की जेथे शिशाची एक तोळ्याची गोळी वापरीत होता, तेथे तांब्याची अकरा किंवा दहा मासे, म्हणजे १६५ वा १५० ग्रेनची घ्यावी. गोळी हलकी झाल्याने वेग वाढतो, आणि तांब्याला तो हवाच असतो. कारण हा धातू कठीण, मंद वेगात तो नीट उमलत नाही. दोनशे यार्डांच्या आतील नेहमीच्या शिकारीत याची अडचण येत नाही. फार लांबून नेम धरणाऱ्याला मात्र मर्यादा सांभाळावी लागते. गोळी बदलल्यावर नळी स्वच्छ करून नेम पुन्हा बसवून घ्यावा लागतो, कारण नव्या गोळीचा मार्ग जुन्यासारखा नसतो.

विरोधकांचे आक्षेप हेही सगळेच पोकळ नाहीत. तांब्याची काडतुसे महाग पडतात, आणि काही जुन्या बंदुकींसाठी ती सहज मिळत नाहीत. त्यावर उत्तर असे, की हरणाच्या एका हंगामात शिकाऱ्याला दोन-चारच गोळ्या खर्ची घालाव्या लागतात. परवाना, प्रवास आणि पोशाख यांच्या खर्चापुढे हा फरक नगण्य आहे. ज्यांना एकदम बदल करणे शक्य नाही, त्यांच्यासाठी शिसे कवचाला घट्ट सांधलेली एक मधली गोळीही मिळते. तिचे कण कमी उडतात, पण उडतातच.

मग हा बदल सक्तीने करावा की समजुतीने? येथे दोन राज्यांनी दोन वाटा धरल्या. कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये काँडॉरच्या प्रदेशापुरता कायदा केला, २०१३ मध्ये संपूर्ण राज्यासाठी दुसरा कायदा संमत केला आणि १ जुलै २०१९ पासून शिकारीतील शिसे सर्वस्वी बंद केले. शेजारच्या ॲरिझोनाने कायदा केलाच नाही. काँडॉर वावरतात त्या कायबाब पठारावर शिकारीस येणाऱ्यांना २००५ पासून शिसेविरहित काडतुसे विनामूल्य देण्याची व्यवस्था केली, आणि कारण समजावून सांगितले. तेथील दहांपैकी आठ-नऊ शिकाऱ्यांनी आपण होऊन साथ दिली. डेन्मार्कने १९९६ मध्ये शिशाचे छर्रे आणि १ एप्रिल २०२४ पासून रायफलीच्या शिशाच्या गोळ्याही बंद केल्या. उलट अमेरिकेच्या केंद्र सरकारने जानेवारी २०१७ मध्ये आपल्या अभयारण्यांपुरता काढलेला असाच आदेश दोन महिन्यांत, सरकार बदलताच, रद्द झाला.

आमचे मत असे, की समजूत हा पाया आणि कायदा हे छप्पर होय. नुसत्या कायद्याने मनात अढी बसते. 'आमची बंदूक काढून घेण्याचा हा डाव' असा प्रवाद तेथे पसरलाच. पण नुसत्या समजुतीवर विसंबून राहिले तर शेवटचा एक-दशांश कधीच वळत नाही, आणि काँडॉरसारख्या दीर्घायुषी, दोन वर्षांत एखादेच पिल्लू वाढविणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत तेवढे विषही पुष्कळ होते.

आपल्या देशाचा अनुभवही हेच सांगतो. गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने आपल्याकडील गिधाडे जवळजवळ नामशेष झाली. कारण उमगल्यावर, आणि मेलॉक्सिकॅम हे निर्धोक औषध हाताशी आहे हे सिद्ध झाल्यावर, २००६ मध्ये पहिल्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. पेट्रोलमधील शिसे आपण २००० साली बंद केले. घरगुती रंगांतील शिशावर २०१६ च्या नियमांनी मर्यादा आली. प्रत्येक वेळी पर्याय थोडा महाग किंवा थोडा अपरिचित होता, आणि प्रत्येक वेळी 'आजवर काही बिघडले नाही' हाच युक्तिवाद पुढे करण्यात आला. शिशाचे विष सावकाश काम करते, म्हणूनच हा युक्तिवाद इतका टिकतो. भाषेची गंमत पाहा: मुलांच्या हातातील शिसपेन्सिलीत शिशाचा लवलेश नाही, त्यात ग्राफाइट असते, आणि जेथे खरोखर शिसे आहे, त्या खिम्याच्या पुडक्यावर त्याचे नावही नसते.

तेव्हा ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांनी पुढील पत्रात किंवा दूरध्वनीवर एवढे अवश्य सांगावे. शेजाऱ्याने हरणाचे मांस दिले तर त्याचा अव्हेर करू नये; तो प्रेमाने देतो. पण गोळी कोणत्या धातूची होती, हे संकोच न करता विचारावे. तांब्याची असल्यास चिंतेचे कारण नाही. शिशाची असल्यास गरोदर स्त्री व लहान मुले यांच्या पानात ते वाढू नये. मोठ्यांनीही खिमा टाळावा आणि जखमेपासून दूरचे, मागच्या मांडीचे अखंड तुकडे तेवढे घ्यावेत. मुलांच्या रक्ताची तपासणी तेथे सुलभ आहे. शंका वाटल्यास ती करून घ्यावी. असा प्रश्न विचारला गेला, की पुढच्या हंगामात काडतुसे घेताना शेजाऱ्यालाही त्याची आठवण राहील.